भिंतीपलीकडचा संबळ

ऑक्टोबरात सिल्वासाचे ढग दुपारच्या पाळीला कामावर येतात. सकाळभर ऊन पत्र्याला असं भाजून काढतं की त्यावर कावळा बसला तरी पाय झटकत उडतो. मग खानवेलच्या डोंगरांमागून काळं काहीतरी उठतं, नरोलीच्या धुराड्यांवर येऊन क्षणभर थबकतं, आणि एकदम हाणामारीला सुरुवात होते. या दिवसांतला पाऊस पडत नाही, मारतो. उभं भात आडवं करतो, कापून पसरलेलं भात चिखलात तुडवतो, आणि जाताजाता आमच्या रांगेतल्या एखाद्या टीव्हीचा विजेनं जीव घेऊन जातो. शेताच्या बांधावर बायका विळे दगडावर घासत बसलेल्या असतात. तो आवाज मला दातांत ऐकू येतो.

दातांत, कारण कानांचं माझं फारसं जमत नाही. डाव्या कानाला तर आता काहीच ऐकू येत नाही. पण या दिवसांत दुखतो मात्र तोच. कामावर न येणारा माणूस बोनसच्या दिवशी हजर असतो, तसा.

मी मूळचा नाशिकचा, जाधव. इथल्या एका सूत कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात जन्म घालवला. धाग्याला पीळ देणारी आमची यंत्रं एका लांबच लांब शेडमध्ये उभी आहेत आणि सगळी एकदम किंचाळतात. तिथे माणसं बोलत नाहीत, हातवारे करतात. कापसाचे बोळे कानात घाला असं सगळे सांगतात. मीही नव्या पोरांना सांगायचो आणि स्वतः मात्र मर्दासारखा उघड्या कानांनी फिरायचो. त्या शेडनं माझ्या कानातला एकेक आवाज उचलून नेला. आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिट्टी गेली. मग बायकोचं बोलणं गेलं, पण ते गेल्याचं मला बरेच दिवस लक्षात आलं नाही आणि संसार मजेत चालला होता.

अशा माणसाला संगीताचा नाद असावा, हा देवाचा विनोद. आमच्याकडे आंब्याच्या पेट्यांत भरून ठेवलेल्या कॅसेटी होत्या. त्यावर माझ्या अक्षरात 'छान' किंवा 'फार छान' एवढंच लिहिलेलं. नाट्यगीतं, अभंग, लावण्या, रेडिओवरून धरलेल्या मैफली, दुधनीला धरणाच्या काठावर कुणी भोपळ्याचं तारपं फुंकत होता ते, आणि आमच्या लग्नानंतरचा गोंधळसुद्धा. सगळं मी सुट्टीच्या दिवशी बसून संगणकात उतरवलं. नावं द्यायचा कंटाळा केला, त्यामुळे अर्ध्या संग्रहाचं नाव 'ट्रॅक एक' असं आहे. सकाळी भूपाळी लावायला जावं तर लावणी उभी राहते, आणि पाहुण्यांसमोर ऐटीत लावणी लावावी तर कुणाचं तरी निरूपण सुरू होतं.

कारखान्यातून मोडीत निघालेला एक संगणक मी माळ्यावर आकाशकंदिलांच्या शेजारी बसवला. त्याच्या पोटात सगळं संगीत. खाली बैठकीत एक स्पीकर, स्वयंपाकघरात एक, झोपायच्या खोलीत एक, आणि न्हाणीघरात एक, प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगलेला. घरातल्या वायफायवरून सगळे एकमेकांना बांधलेले. माझ्या फोनवर खोल्यांची नावं आणि सगळ्यांच्या वर एक मोठं बटण: 'सगळीकडे'.

ते पहिल्यांदा दाबलं तेव्हा शैला, माझी बायको, भजी तळत होती. मला कमी ऐकू येतं म्हणून मी आवाज पूर्ण वर ठेवलेला. तिच्या कानाजवळ एकदम पखवाज कडाडला, हातातला झारा कढईत पडला, आणि तेलाचा एक सपकारा तिच्या पायाला चाटून गेला.

"हे घर आहे का एसटी स्टँड?" ती ओरडली. हे मला स्पष्ट ऐकू आलं.

"कुठल्याही खोलीत जा, तेच गाणं!" मी म्हणालो.

"म्हणजे कुठंही पळून गेलं तरी सुटका नाही."

तिनं ते चिडून म्हटलं होतं, पण मला ते पुढे फार दिवस पुरलं. घरभर आवाज पोचवणं म्हणजे घरात पळून जायला जागा न ठेवणं. मी हे हौसेनं केलं होतं. भिंतीच्या पलीकडे एक बाई तशाच घरात राहत होती, आणि तिथे कसलंही यंत्र बसवलेलं नव्हतं.

आमची रांगेतली घरं. दोन घरांत मिळून एकच भिंत. पलीकडे भटू पाटील आणि त्याची बायको मंगला. शिरपूरकडची माणसं. भटू मजूर पुरवायचा ठेकेदार. अंगानं भक्कम, बोलायला गोड. भेटला की दोन्ही हात जोडून "काय म्हणता साहेब" म्हणायचा. आमच्याकडे शेजाऱ्यांत विरजण आणि वायफायचा पासवर्ड या दोन गोष्टींना नाही म्हणायची पद्धत नाही. भटूनं क्रिकेटसाठी पासवर्ड मागितला, मी दिला. मग त्यानं टीव्हीखाली ठेवायचा लांबुडका स्पीकर आणला, "साहेब, जरा लावून द्या ना," म्हणाला. मी केवढ्या उत्साहानं लावून दिला! लावताना नीट चालतो का बघावं म्हणून माझ्या फोनशी जोडला, त्याला 'भटूभाऊ' असं नाव दिलं, एक तुकडा वाजवून पाहिला, आणि घरी येऊन पुरता विसरून गेलो. तो स्पीकर असा, की बंद दिसला तरी हाक मारली की जागा होतो.

भटू मंगलाला मारायचा.

हे मला शैलानं सांगितलं. तिला ते भिंतीतून ऐकू यायचं. मला येत नव्हतं. त्याची सकाळची पाळी सुटली की दुपारी. आधी दार आपटायचं, मग त्याचं खालच्या पट्टीतलं बोलणं, मग भिंतीला पाठ लागल्याचा थड आवाज. मंगलाचा आवाज यायचा नाही. "ती ओरडत नाही, तेच मला सहन होत नाही," शैला म्हणायची. शैलानं तिला विचारून पाहिलं होतं, निघून का जात नाहीस म्हणून. मंगलानं उलट विचारलं होतं, "कुठं जाऊ, वहिनी?" माहेरी भाऊ होता, त्यानं तिला आधीच एकदा बसमध्ये बसवून परत पाठवलेलं.

मग मी पुरुषासारखं जाऊन पुरुषाशी बोललो. भटूनं मला चहा पाजला. मी घर, संस्कार, कायदा यांवर एक छोटंसं भाषण केलं. तो मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, घरातली गोष्ट आहे. तुमच्याकडं भांडी वाजत नाहीत काय?" मी हसलो. का हसलो? चहा चांगला होता. दुसऱ्या दिवशी मंगला पाण्याला बाहेर आली ती एक डोळा मिटूनच. माझ्या भाषणाचे पैसे तिनं भरले होते.

मग गेल्या वर्षीचं नवरात्र आलं.

सिल्वासात नवरात्र म्हणजे चौकाचौकांतले कर्णे. मैदानावर रोज संध्याकाळी गरब्याचा असा दणका, की पाण्याच्या टाकीत लाटा याव्यात. आमच्या घरी घट, भटूच्याही घरी घट. त्याची देवीवर भयंकर श्रद्धा. नऊ दिवस अनवाणी, दारू बंद, मटण बंद. मारणं मात्र उपासाला चालत होतं.

त्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारी आभाळ भरून आलेलं. शैला म्हणाली, "देवीचं काहीतरी लावा." मी खूप शोधून आमच्या लग्नाचा गोंधळ काढला. आमच्यात लग्नानंतर घरात गोंधळ घालतात. गोंधळी संबळ घेऊन येतात आणि देवीला हाका मारून बोलावतात. संबळ ज्यानं जवळून ऐकलाय त्याला सांगायला नको. एका काठीनं घुमतो, दुसरीनं चावतो. लग्नाच्या दिवशी मला वाटलं होतं की कुणीतरी माझ्या छातीच्या फळ्या उचकटतंय. तर असा तो संबळ मी लावला, आवाज नेहमीसारखा पूर्ण वर, आणि भज्यांच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच दाबलं 'सगळीकडे'.

घर हादरलं. गोंधळ्यानं देवीच्या नावानं पहिली आरोळी ठोकली. शैला पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली. मला वाटलं, आता बोलणी खायची. पण ती माझ्याकडे आलीच नाही. थेट भिंतीला कान लावून उभी राहिली.

"थांबला," ती म्हणाली.

"कुठं थांबला? चालू आहे की."

"तो थांबला."

संध्याकाळी मंगला विरजणाची वाटी घेऊन आली. ओठ फुटलेला, सुजलेला. दारातच उभी राहून हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, आमच्या टीव्हीखालून आज देवी बोलली. इतका संबळ वाजून राह्यला होता! यांचा हात असा वरच्या वर राहून गेला." तिनं स्वतःचा हात वर धरून दाखवला. "मग घटासमोर जाऊन नाक घासून राह्यले. मला म्हणे, तू काय केलं? मी काय करणार, मी तर खाली पडेल होती."

शैलानं माझ्याकडे पाहिलं. मी फोनकडे पाहिलं. 'सगळीकडे' या बटणाखाली बैठक होती, स्वयंपाकघर होतं, झोपायची खोली होती, न्हाणीघर होतं, आणि त्याखाली अगदी निमूटपणे 'भटूभाऊ' होता.

मी सगळं सांगितल्यावर मंगला हसायला लागली. तिला हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. ओठ परत उलला, रक्ताची धार हनुवटीपर्यंत आली, आणि ती पदर तोंडावर दाबून हसतच राहिली. शैलाही हसली. मग दोघी एकदम माझ्या फोनकडे बघायला लागल्या. बायकांना एकच कल्पना एकाच वेळी सुचते तेव्हा पुरुषानं खोलीत असू नये.

ठरलं ते असं. भटूचं ते खालच्या पट्टीतलं बोलणं सुरू झालं, की मंगलानं स्टीलचं ताट हातातून सोडायचं. ताट पडल्याचा आवाज आला की शैलानं बटण दाबायचं; ते मी तिच्याही फोनवर घालून दिलं. संबळ, पहिली आरोळी, आणि लगेच बंद. शैलाचा हात मिठाला जसा बेतशीर, तसाच या बाबतीतही. देवी थोडकंच बोलायची.

भटू बदलला, म्हणजे घाबरला. घटासमोरचा दिवा मोठा केला. रस्त्यात भेटला तेव्हा माझा हात धरून म्हणाला, "साहेब, आमच्या घरात जागृत आहे. कोणाला बोलू नका." मी गंभीर चेहऱ्यानं "जपून राहा" असा सल्ला दिला आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून हसलो. नवरात्र संपलं, घट हलले, कोजागिरी झाली, तरी धाक टिकून होता. मी स्वतःला संशोधक समजायला लागलो. अणुशक्ती वगैरे शोधून काढणारी माणसं अशीच हसत असतील.

पण एक गोष्ट मला त्या हसण्यातसुद्धा टोचायची. हात थांबायचा तो देवीच्या भीतीनं. मंगलाची भीती, मंगलाची दया, मंगला नावाची कुणी समोर आहे याची जाणीव, यांतलं काहीही त्या हातापर्यंत कधी पोचलं नव्हतं. वाघावर बसून हातात शस्त्रं घेतलेली बाई त्याला पूज्य होती. फरशीवर पडलेली दिसत नव्हती.

आणि मग तो दिवस आला. शैलाला बाजारात जायचं होतं.

"ताट पडलं की दाबायचं," ती चपला घालत म्हणाली, "आरोळी झाली की बंद करायचं. जमेल?"

"अगं, मी इंजिनीअर आहे."

"म्हणून तर विचारतेय."

ती गेली. आभाळ काळंनिळं झालं होतं. मी खुर्ची भिंतीजवळ ओढून, उजवा कान भिंतीला लावून, सीमेवरच्या जवानासारखा बसलो. वीज कडाडली, आणि तिच्या पाठोपाठ ताट पडलं. फरशीवर गरगरत गेलं. मी दाबलं. संबळ फुटला, गोंधळी गरजला, भिंतीपलीकडे शांत झालं. सगळं बेतल्याप्रमाणे. आता फक्त बंद करायचं.

पण त्या वेळी मी बैठक आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या दारात येऊन उभा होतो, आणि मला जाणवलं की स्वयंपाकघरातला संबळ बैठकीतल्या संबळाच्या किंचित मागे पडतोय. आयुष्यभर यंत्रांची चाल जुळवलेला माणूस मी. म्हटलं, एवढं जुळवून घेऊ. फोनवर एक खूण मागे, एक खूण पुढे. गोंधळ पुढे चालला. संबळ खाली आला. आणि माझ्या मामानं लग्नात टेपरेकॉर्डर स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला होता, हे मला आठवलं ते आत्या बोलायला लागल्यावर.

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. पण काय आवाज होता तिचा! बैठकीतून, स्वयंपाकघरातून, न्हाणीतून आणि भटूच्या टीव्हीखालून ती कडाडली:

"अगं ए, पुरण करपलं! लक्ष कुठंय सगळ्यांचं? व्याह्यांना काय कोळसा वाढायचा? या जाधवांच्या घरात एकालाही अक्कल नाही!"

देवी एक वेळ पुरणाबद्दल बोलेल. नैवेद्य तिचाच असतो. पण तिनं आमचं आडनाव घ्यायला नको होतं.

पलीकडून भिंत हादरली. मग काहीतरी उपटल्याचा, फरशीवर आपटल्याचा, पुन्हा पुन्हा आपटल्याचा आवाज. आणि मग मंगला ओरडली. कधी न ओरडणारी. तो आवाज माझ्या मेलेल्या कानांतही शिरला. मी अनवाणी धावलो. हातात शस्त्र म्हणून फोन.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत स्पीकरची आतडी बाहेर आलेली. मंगला टीव्हीच्या टेबलाला टेकून बसलेली, एक हात कोपरापासून भलत्याच दिशेला वळलेला. भटूच्या हातात ट्रकवरचा माल आवळायचा लोखंडी दांडा.

"बोलव!" तो तिच्यावर ओरडत होता. "बोलव ना तुझ्या देवीला! पुरण करपलं म्हणते काय!"

मग त्याला मी दिसलो.

"साहेब," तो म्हणाला, आणि क्षणात साहेब गळून पडला. "तू? तू माझ्या घरात देवी करतो?"

अशा वेळी काय बोलावं याचा माणसानं आधी विचार करून ठेवायला हवा. मी म्हणालो, "भटूभाऊ, आपण बसून बोलू."

दांडा डाव्या कानशिलावर बसला. दुखलं नंतर. आधी एक स्वर आला, इतका उंच आणि इतका स्वच्छ, की असा स्वर मी माझ्या सगळ्या संग्रहात ऐकला नव्हता. मी भिंतीवरून घसरत खाली आलो. तोंडात रक्त आलं, कोमट आणि खारट. दांडा पुन्हा वर गेलेला दिसला. आमच्या घरातून गोंधळ अजून वाजत होता. आत्याचं आटोपलं होतं आणि संबळानं पुन्हा जोर धरला होता.

तेवढ्यात दारात शैला उभी राहिली, बाजारातून आलेली, हातात कापडी पिशवी. पिशवीत नारळ होते. तिनं काही विचारलं नाही. पिशवीचे बंद दोन्ही हातांनी धरले आणि गरकन फिरवली. भटूच्या मनगटातून काडकन आवाज आला. दांडा पडला. दुसरा फटका गुडघ्यावर. भटू खाली बसला, हात डोक्यावर घेतले, "वहिनी, वहिनी" करायला लागला. शैला मारत राहिली. ती देवीसारखी दिसत होती असं लिहायचा मोह होतोय, पण मी खाली पडून तिचा चेहरा पाहत होतो. तो घामानं भिजलेला, पांढराफटक चेहरा होता, आणि त्यावर थांबायचा विचार कुठेही नव्हता. अखेर शेजारच्या ताराबेननं तिला मागून कव घातली. "बस, बस, शैलाबेन, मरी जशे!"

"मरू दे," शैला म्हणाली. अगदी साध्या आवाजात, भाजीवाल्याला नको म्हणावं तशी.

मग तो पाऊस आला, ज्याची दुपारभर वाट पाहिली होती. माणसं जमली, पोलीस आले. बाहेर पत्रे बडवले जात होते आणि आत एक हवालदार माझ्या डोक्याला धरलेल्या फडक्याकडे बघत हिंदीत विचारत होता, "झगडे का कारण?"

"पुरण जल गया था," मी म्हणालो. डोकं ठिकाणावर नव्हतं.

"किसके घर?"

"हमारे. शादी में."

"आज शादी थी?"

"नहीं साहब. बहुत साल हो गए."

त्यानं शैलाकडे पाहिलं आणि म्हणाला, "इनको पहले अस्पताल ले जाओ."

त्या पिशवीतले नारळ शैलानं स्वयंपाकात घेतले नाहीत. रात्रभर पाण्यात भिजवून पिशवी धुतली, आणि दुसऱ्या दिवशी तीही टाकून दिली. खूप दिवसांनी, तांदूळ निवडता निवडता, ती एकदा म्हणाली, "त्या दिवशी हात थांबत नव्हता हो. बरं वाटत होतं." ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

भटू आत गेला आणि जामिनावर बाहेरही आला. मंगलाच्या भावाचं मत पडलं की झालं गेलं विसरावं. शैलाची एक मैत्रीण खानवेलला मुलींच्या वसतिगृहात आहे. तिनं मंगलाला तिथल्या स्वयंपाकघरात लावून घेतलं आणि बाजाराजवळ वरच्या मजल्यावर एक खोली बघून दिली. भटूला पत्ता कुणी दिला नाही. पण खानवेल केवढंसं! स्टँडवर तो दिसला होता, असं कुणी ना कुणी अधूनमधून सांगतं.

माझं म्हणाल तर डावा कान गेला तो गेलाच. डॉक्टरांनी एक गंमत सांगितली: एका कानानं आवाज ऐकू येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. खरंच आहे. आता घरात गाणं लागलं की ते बैठकीत आहे की न्हाणीत, मला पत्ता लागत नाही. एवढा खटाटोप करून चार खोल्यांत जे जमलं नव्हतं ते भटूनं एका दांड्यात करून दिलं. मी उरलेले स्पीकर उतरवायला घेतले होते. शैलाच म्हणाली, "राहू देत. फक्त हळू लावा."

गेल्या आठवड्यात मला वाटलं, मंगलाला एक स्पीकर नेऊन द्यावा. एकटी असते. नवा छोटासा आणला, त्यात अभंग भरले, दुधनीचं तारपं भरलं, यावेळी प्रत्येकाला नीट नाव दिलं, आणि खानवेलची बस धरली. बसमध्ये कापणीला निघालेल्या बायका होत्या, मांडीवर फडक्यात गुंडाळलेले विळे. खिडकीतून दोन्ही बाजूंना कापलेलं भात दिसत होतं, नुसते टोकदार खुंट राहिलेले. त्यावरून अनवाणी चालणाऱ्याच्या पायाची चाळण होते.

जिना लाकडी होता. वर जाऊन दार वाजवलं. आत काही हललं नाही. पुन्हा वाजवलं. आत कुणीतरी श्वास रोखून उभं आहे, हे कान नसलेल्या माणसालाही कळतं.

"मंगला, मी जाधव. शैलाचा नवरा."

कड्या निघायला लागल्या. वरची, मधली, मग खालची, ती वाकून काढावी लागते अशी. तिचं कोपर अजून पुरतं सरळ होत नाही. पण चेहरा भरलाय. "भाऊ, सांगून तरी यायचं ना," ती म्हणाली आणि चहा टाकला. खोली लख्ख, एक खाट, एक शेगडी. मी स्पीकर काढून दाखवला, कसा लावायचा ते समजावून सांगितलं. माझी भाषणाची खोड जात नाही. तिनं त्यावरून पदरानं पुसल्यासारखा हात फिरवला.

"छान आहे. पण भाऊ, राग नका मानू. परत घेऊन जा."

"अगं, हळू वाजतो हा. त्या तसल्यातला नाही."

"तसं नाही." तिनं दाराकडे पाहिलं. "काही वाजत असलं ना, तर जिन्यावर कोण चढून राह्यलं ते समजत नाही."

मी चहा संपवला. स्पीकर पिशवीत घातला. निघालो.

जिन्याच्या वरच्या पायरीवर मी क्षणभर उभा राहिलो, आणि मग गायला लागलो. आयुष्यात माझा एक सूर जागेवर लागलेला नाही, आणि आता तर तो लागला की चुकला हे मला कळतही नाही. तरी प्रत्येक पायरीवर पाय आपटत, मोठ्यानं गात उतरलो, म्हणजे उतरणारा कोण आहे ते वर कळावं. खालच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला. समोरच्या घरातलं कुत्रं भुंकलं.

"कळलं भाऊ, कळलं!" वरून मंगलाचा आवाज आला. ती हसत होती. "बास करा आता!"

मग कड्या लागल्या. वरची लागल्याचं मला ऐकू आलं. मधलीही आली. खालचीचा आवाज माझ्यापर्यंत पोचला नाही. ऐकू येत नाही तो कान वर करून मी थोडा वेळ रस्त्यात थांबलो, ती लागली असणार असं धरलं, आणि स्टँडकडे निघालो.